जाळीत न सापडलेले केस

मासिकाची नोटीस लागली की दरवर्षी आमच्या हॉस्टेलवर दोन विषयांना ऊत येतो. एक पाऊस आणि दुसरा मैत्री. यंदा संपादक मंडळातली एक जण रात्री अकराला माझ्या कॉटवर येऊन बसली नि म्हणाली, "मराठी विभागाला पानं कमी पडतायत गं, तू तरी काहीतरी वेगळं दे." म्हटलं, देते, पण नंतर मला शिव्या घालायच्या नाहीत. वाचकहो, तुम्हालाही एकच विनंती. हा लेख मेसमध्ये ताट पुढ्यात घेऊन वाचू नका.

तर सुरुवात बाथरूमपासून.

गर्ल्स हॉस्टेलला राहिलेल्या कुणालाही सांगायला नको की तिथलं खरं राजकारण बाथरूमच्या जाळीवर चालतं. रविवारी सकाळी सगळ्या जणी केस धुतात, जाळी तुंबते, घोट्यापर्यंत पाणी साचतं आणि मग कॉरिडॉरमध्ये सभा भरते. कुणाचे लांब, कुणाचे कुरळे, कुणी मेंदी लावली होती म्हणून लालसर, असा रीतसर पंचनामा होतो. फर्स्ट इयरला अशा प्रत्येक सभेत मी ठणकावून सांगायचे, "माझे नाहीत. पाहिजे तर जाळी उचलून बघा." एकदा तर वडापावची पैज लावली आणि जिंकलेसुद्धा. जाळीत माझा एकही केस नव्हता. कंगव्यात नव्हता, उशीवर नव्हता, रूमच्या केरातही नव्हता.

ते सगळे माझ्या पोटात होते.

हे एवढं एक वाक्य कागदावर उतरायला मला अडीच वर्षं लागली. आता फायनल इयरला आहे, थोड्या दिवसांनी हे हॉस्टेल सुटेल, म्हणून लिहून टाकते.

सवय कधी लागली याची तारीख सांगता येत नाही. दहावीचा भूगोलाचा पेपर लॉकडाऊनमुळे रद्द झाला ती आमची बॅच, २०२० ची. अकरावी गेली घरी, मोबाइलसमोर. कॅमेरा बंद, माईक बंद, सर काय शिकवतायत ते कळत नाही आणि विचारायची सोय नाही. तेव्हा डावा हात आपोआप कानामागे जायचा. बोटं एकेक केस चाचपायची. सगळे केस सारखे नसतात, एखादा जाड, खरखरीत असतो. नेमका तो सापडला की बरं वाटायचं. मग तो ओढायचा, मुळाशी पांढरा ओलसर ठिपका असतो तो दातात धरायचा, आणि मग उरलेला केस... जायचा. बस्स. दुखायचं नाही. उलट डोक्यात चाललेली कटकट अर्धा मिनिट बंद व्हायची. तुमच्यापैकी कुणी नखं खात असेल, कुणी ओठांची सालं काढत असेल, तर त्यांना यातलं थोडंफार कळेल. बाकीच्यांना नाही कळणार, आणि त्यांना समजावणं मी सोडून दिलंय.

आमच्या आजीचा केसांवर फार जीव. विंचरून झालं की कंगव्यातले केस बोटाला गुंडाळून ती भिंतीतल्या कोनाड्यात एका पिशवीत ठेवायची. गल्लीत "केसावर भांडीऽऽ" अशी आरोळी आली की पिशवी बाहेर. वर्षभराच्या केसांवर एखादी जर्मनची वाटी मिळायची. त्या वर्षी आजी पिशवी चाचपून म्हणाली, "औंदा पोरीचे केस गळनातच जनू!" आई म्हणाली, "नवीन तेल मानवलं वाटतं." मी गप्प.

बारावीला लातूरला क्लास लावला. तिथलं वातावरण ज्यांना माहीत आहे त्यांना सांगत नाही, ज्यांना माहीत नाही त्यांना सांगून खरं वाटणार नाही. दर रविवारी टेस्ट, सोमवारी भिंतीवर नंबर. टाळूच्या डाव्या बाजूला रुपयाएवढी जागा उघडी पडली. सुट्टीत घरी गेले तर सगळ्यांनी ठरवलं, चाई पडली. लसूण चोळून झाला, काय काय चोळून झालं. चाईत केस आपोआप गळून जागा गुळगुळीत होते. माझ्या जागी मात्र आखूड-लांब खुंट होते, आणि ते नीट बघितलं असतं तर कळलं असतं. पण कोण बघणार? मी भांग बदलला आणि स्कार्फ बांधायला लागले. आपल्याकडे मुलीने स्कार्फ बांधला तर का म्हणून कुणी विचारत नाही, हा एक मोठाच फायदा.

मग सीईटी, कॅप राउंड, मेकॅनिकलला अ‍ॅडमिशन आणि हे हॉस्टेल.

इथे पहिल्या सेमिस्टरला मेसचं जेवण जाईना. नवीन मुलींना जात नाहीच, त्यामुळे कुणाला विशेष वाटलं नाही. पण माझं वेगळंच होतं. भूक लागायची, ताट वाढून घ्यायचे, आणि अर्ध्या पोळीत पोट गच्च. जणू आत आधीच कुणीतरी बसलंय आणि मला फक्त उभं राहण्यापुरती जागा आहे. आमच्या मेसच्या मावशी ताटातलं उरलेलं बघून म्हणायच्या, "पोरी, तुला काय चिमणीचं पोट दिलंय का देवानं?" पुढे मळमळ सुरू झाली, मग सकाळी उलट्या. तोंडाला असा वास यायला लागला की मी दिवसातून चारदा ब्रश करायचे. जिना चढताना धाप लागायची. हिमोग्लोबिन ७.१ निघालं.

आता सकाळी उलट्या, जेवण नको, चक्कर, आणि त्यात पोट वरच्या बाजूला जरा फुगलेलं. गर्ल्स हॉस्टेलमध्ये याचा अर्थ काय लावला गेला असेल हे लिहायची गरज नाही. आधी कुजबुज, मग बाथरूममध्ये मी गेले की बोलणं बंद, आणि एका संध्याकाळी ऑफिसात बोलावणं. मॅडमनी दार लावून घेतलं, खुर्चीवर बसवलं आणि इकडचं तिकडचं विचारत शेवटी मुद्द्यावर आल्या. मी नाही म्हटलं. त्यांनी टेस्ट करायला लावली. ती निगेटिव्ह आली तेव्हा त्यांचा चेहरा सैल झाला, माझा नाही. कारण त्या क्षणी मला खरं सांगायची उत्तम संधी होती. पण मनात आलं, आत्ता ज्याचा संशय होता ते निदान लोकांना समजतं तरी. केस खाते म्हटलं तर काय समजतील? (मॅडमनी पुढे माझ्यासाठी जेवढं केलं तेवढं सख्ख्या नातेवाइकांनी केलं नाही, हेही इथेच लिहून ठेवते. त्या हा लेख वाचणार आहेत.)

डॉक्टर तीन झाले. पहिल्यांनी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या आणि मेस बदल म्हणाले. दुसऱ्या मॅडमनी विचारलं, "डाएट करतेस का?" आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. तिसरे आमच्या गावाकडचे, वयस्कर. त्यांनी बरोबर प्रश्न विचारला होता. माझी पापणी खाली ओढून बघत म्हणाले, "माती, खडू, कच्चे तांदूळ, केस, असलं काही खायची सवय?" शेजारी आई उभी होती. ती हसून म्हणाली, "काय डॉक्टर, केस खायला मांजर आहे का ती?" डॉक्टर हसले. मीही हसले. त्या हसण्याची किंमत पुढे सात महिने.

आत नेमकं काय चाललं होतं ते मला नंतर कळलं, आणि मेकॅनिकलवाल्यांना ते चटकन समजेल. जठर हा काही नुसता साठवणीचा टँक नाही. ते अन्न घुसळतं, आणि खालचं दार साधारण एक-दोन मिलिमीटर इतकं बारीक झालेलंच पुढे सोडतं. जे बारीक होत नाही ते मागे राहतं. पोट रिकामं असताना दर दीड-दोन तासांनी एक जोरदार लाट येते आणि हा राहिलेला गाळ झाडून पुढे नेते. केस या दोन्ही व्यवस्थांना दाद देत नाही. तो केराटिनचा बनलेला. केराटिनच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना अशा घट्ट बांधलेल्या असतात की आपल्या पोटातलं आम्ल त्यांना विरघळवू शकत नाही आणि त्यांना तोडणारं पाचकरसही आपल्याकडे नाही. लोकरीचे कपडे खाणाऱ्या कसरीच्या अळीला ते जमतं, इंजिनिअरिंगच्या मुलीला नाही. शिवाय केस गुळगुळीत. लाटेला तो ढकलायचा तर पकड हवी, घर्षण हवं. ते नसतं, म्हणून लाट वरून निघून जाते आणि केस जठराच्या आतल्या घड्यांमध्ये अडकून राहतो. त्याच्यात दुसरा अडकतो, तिसरा अडकतो. चिकट स्राव आणि अन्नाचे कण त्यात मुरतात आणि नमदा तयार होतो. आत ते अन्न कुजतं, म्हणून तोंडाला वास. जागा भरली म्हणून दोन घासांत पोट गच्च. आतल्या अस्तराला घासून व्रण होतात, त्यातून थोडंथोडं रक्त जातं, वर खाणं कमी, म्हणून रक्तक्षय. मी लोहाच्या गोळ्या इमाने इतबारे घेत होते आणि त्या त्या गोळ्यावर जाऊन पडत होत्या!

या गोळ्याला वैद्यकात ट्रायकोबेझोअर म्हणतात. बेझोअर हा शब्द मूळचा फारसीतला, पादजहर, म्हणजे विषावरचा उतारा. रानबकऱ्यांच्या पोटात निघणारे असले खडे राजेलोक विषबाधेवर उपाय म्हणून सोन्याच्या भावाने घ्यायचे. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये आंब्रुआज पारे नावाच्या शल्यविशारदाने त्याची परीक्षाच घेतली. चांदीची भांडी चोरल्याबद्दल फाशीची शिक्षा झालेल्या एका आचाऱ्याला विष देऊन वर बेझोअर दिला. आचारी काही तासांत तडफडून मेला. माणसाच्या पोटातल्या केसांच्या गोळ्याची पहिली नोंद १७७९ सालची, आणि तीही सोळा वर्षांच्या मुलाची. पण पुढे सापडलेल्यांत बहुतेक सगळ्या मुली, त्याही आपल्याच वयाच्या. हे सगळं मी दवाखान्यात पडल्या पडल्या मोबाइलवर वाचलं. एवढा अभ्यास सेमिस्टरला केला असता तर... असो.

२०२३ चा जुलै. दुसऱ्या सेमिस्टरची परीक्षा तोंडावर. पालथी झोपले की बरगड्यांच्या खाली डावीकडे काहीतरी टणक टोचायचं. एका रात्री पोटात असा पीळ पडला की मी कॉटचा लोखंडी पाय धरून बसले. उलटी हिरवी. रूमपार्टनरने मॅडमना उठवलं, वॉचमन काकांनी गाडी आणली, आणि पहाटे मी जिल्ह्याच्या ठिकाणी अ‍ॅडमिट.

सोनोग्राफीत म्हणे एक पांढरी कमान आणि तिच्यामागे नुसती सावली, बाकी काही दिसेना. मग सीटी स्कॅन. मग घशातून दुर्बीण. आई-पप्पा दुपारपर्यंत पोचले. सर्जन साठीच्या आसपासचे होते. त्यांनी फिल्म उजेडाला धरून बघितली, खाली ठेवली आणि आईला म्हणाले, "ताई, तुम्ही जरा बाहेर बसता का?" मग स्टूल ओढून बसले. खातेस का असं त्यांनी विचारलंच नाही. विचारलं,

"किती वर्षं झाली, बेटा?"

'खातेस का?' ला नाही म्हणता येतं. 'किती वर्षं?' ला काय म्हणणार? मी बोटांनी तीन दाखवली. ते म्हणाले, "बरं. निघेल. माझ्याकडे बघ, यात तुझी लाज काढण्यासारखं काही नाही. मुतखडा काढतो तसा काढायचा." मी तेव्हा जे रडले ते ऑपरेशनच्या दुखण्याने नंतर रडले नाही.

पप्पांनी विचारलं, औषधाने विरघळणार नाही का? कुणीतरी त्यांना फोनवर सांगितलं होतं की कोल्ड्रिंक पाजल्याने असे गोळे विरघळतात. सर्जन म्हणाले, फळं-भाज्यांच्या तंतूंचा गोळा असेल तर कधीकधी त्याने मऊ पडतो, केसांचा नाही. दुर्बिणीतून तुकडे करून काढायचा म्हटला तर एवढा मोठा निघत नाही, आणि एखादा तुकडा पुढे जाऊन आतड्यात अडकला तर दुसरंच संकट. म्हणजे पोट उघडायचं, जठराला चीर द्यायची आणि अख्खा बाहेर काढायचा.

काढला. ७८० ग्रॅम भरला. मला दुसऱ्या दिवशी सर्जननी फोटो दाखवला, मी मागितला म्हणून. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये फाउंड्रीत आपण वाळूचा साचा करतो आणि त्यात धातू ओततो ना, तसा हुबेहूब माझ्या जठराचा साचा होता तो. वरून फुगीर, खाली वळलेला, टोकाला निमुळता. काळा कुळकुळीत, ओला, चकाकणारा. (केस कुठल्याही रंगाचे असोत, पोटातल्या आम्लाने ते काळेच होतात म्हणे.) आणि त्याच्या टोकाला एक शेपूट. जठराच्या दारातून पुढे लहान आतड्यात गेलेलं, एखाद्या वेणीसारखं. मला आजीचं गंगावन आठवलं. लग्नाकार्यात ती अंबाड्यात घालायची ते.

त्या शेपटामुळेच सर्जनना घाई होती. ते खाली वाढत गेलं की आतडं अडतं, आतड्यात आतडं शिरतं, पित्ताच्या नळीचं तोंड दबलं तर कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येते, भोक पडलं तर जिवावर बेततं. शेपटासकट गोळ्याला १९६८ साली नाव दिलं गेलं ते रापुंझेल सिंड्रोम. ग्रिमबंधूंच्या गोष्टीतली ती बुरुजात कोंडलेली, खिडकीतून वेणी खाली सोडणारी मुलगी. नाव ज्याने दिलं त्याला गंमत सुचली असेल, पण मला ते अगदीच गंमत वाटत नाही. कोंडलेली मुलगी हे बरोबर आहे. माझा गोळा तसा मध्यमच म्हणायचा. २००७ साली शिकागोच्या डॉक्टरांनी अठरा वर्षांच्या एका मुलीच्या पोटातून जवळपास साडेचार किलोचा काढल्याचं प्रसिद्ध केलं होतं.

भेटायला नातेवाईक आले. आमच्या एक आत्या आहेत, त्यांनी फोटो बघताच निकाल दिला, "कुणीतरी करणी केलीय पोरीवर. पोटात केस निघतात ते त्याशिवाय?" आमच्या भागात एखादा भोंदू हातचलाखीने पोटातून केस, खिळे काढून दाखवतो, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला, पण आत्यांपर्यंत तो पोचायचाय. गंमत म्हणजे आईला ते ऐकून जरा बरं वाटलेलं मी बघितलं. करणी असेल तर दोष दुसऱ्याचा. मुलीने स्वतःच्या हाताने खाल्ले असतील तर आईने काय केलं, हा प्रश्न येतो. मी नाकात नळी असताना म्हटलं, "आत्या, करणी माझीच आहे. याच हाताने." खोलीत कुणी बोलेना. आईने माझा तो हात धरला आणि रात्रभर धरून बसली. बाकी आम्ही त्यावर आजपर्यंत बोललेलो नाही. आमच्याकडे एवढंच होतं.

सहाव्या दिवशी भाताची पेज मिळाली. अख्खी वाटी संपली तरी पोटात जागा शिल्लक! मी नर्सताईंना विचारलं, अजून आहे का?

टाके सुकले म्हणजे काम झालं असं घरच्यांना वाटत होतं. सर्जननी बजावलं, "मी साठलेलं काढलं. नळ अजून चालू आहे," आणि मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. पप्पा गाडीतून उतरताना इकडेतिकडे बघत होते, ओळखीचं कुणी दिसतंय का म्हणून. तिथे कळलं की केस ओढायच्या या अनिवार ओढीला १८८९ पासून ट्रायकोटिलोमॅनिया हे नाव आहे. ओढलेले खाणं ते ट्रायकोफेजिया. २०१३ पासून मानसोपचारात तिला एकच गोष्ट पुनःपुन्हा करायला लावणाऱ्या आजारांच्या कुटुंबात धरतात. केस ओढणारे सगळेच ते खात नाहीत, आणि खाणाऱ्या सगळ्यांचाच गोळा होत नाही. वेडबीड काही नाही. माझं डोकं शाबूत असून माझा हात माझं ऐकत नाही, एवढंच. "इच्छाशक्ती लाव" हा सल्ला मला अनेकांनी दिला. त्यांनी एकदा उचकी इच्छाशक्तीने थांबवून दाखवावी.

उपाय जो दिला तो ऐकून मला हसूच आलं. जर्नल लिहायचं! अगदी प्रॅक्टिकलसारखं ऑब्झर्व्हेशन टेबल. वेळ, जागा, कुठला हात, तेव्हा काय चाललं होतं, किती केस. सवय मोडायची ही पद्धत १९७३ सालापासूनची आहे. आधी हात कधी निघतो ते पकडायचं, आणि निघाला की त्याला दुसरं काम द्यायचं, म्हणजे मूठ आवळून मिनिटभर धरायची, ओढ ओसरेपर्यंत. पहिल्या आठवड्याचं टेबल बघून मीच चाट पडले. मला वाटायचं मी टेन्शनमध्ये करते. नोंदी काही वेगळंच सांगत होत्या. परीक्षेच्या हॉलमध्ये शून्य. भांडणात शून्य. रीडिंग हॉलमध्ये रात्री अकरा ते एक या वेळात सगळ्यात जास्त, आणि तेही अभ्यास चालू असताना नाही, तर एखादं डेरिव्हेशन तिसऱ्यांदा वाचून कळेनासं झालं की. म्हणजे तोच अकरावीतला बंद माईक. कळत नाही आणि विचारायचं नाही.

मग डाव्या हाताच्या दोन बोटांना चिकटपट्टी. चिकटपट्टीने केसाचा स्पर्श कळत नाही, हात गोंधळून परत येतो. रीडिंग हॉलमध्ये डोक्याला स्कार्फ. आणि अकरानंतर एकटं न बसणं. काही काळ औषधही घेतलं, ते काय आणि किती हे डॉक्टरांवर सोडा, माझ्याकडे विचारू नका. दर वर्षी एकदा तपासणी, कारण गोळा पुन्हा होऊ शकतो. दवाखान्यात जायची हिंमत होत नसेल त्यांच्यासाठी १४४१६ हा टेली-मानसचा नंबर २०२२ पासून आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. मी केला होता एकदा. सेकंड इयरच्या थर्ड सेमला, बॅकलॉगचे पेपर आणि रेग्युलरचे पेपर एकत्र आले त्या आठवड्यात सगळं पुन्हा सुरू झालं होतं. टेबलमध्ये एका दिवसाचा आकडा ४१. तो खोडावा असं फार वाटलं. तसाच ठेवलाय.

आता रूमपार्टनरचं सांगते, कारण खरं तर तिच्यासाठी हा लेख आहे. आम्ही तिघी एका रूममध्ये. सुट्टीनंतर मी परत आले तेव्हा काय सांगायचं ते पाठ करून आले होते, 'अल्सर होता, काढला.' तिसरी गावाला गेलेली. पार्टनरने माझी बॅग उचलून ठेवली, दोघींना चहा आणला आणि म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय?"

"केसांचं. रूम मीच झाडते ना. झाडूत अडकलेले केस रोज बोटांनी सोडवायला लागतात. माझे कुरळे, तिचे बॉयकटचे आखूड. तुझे लांब सरळ. वर्षभरात तुझा एक केस निघाला नाही. असं कसं होईल? आणि मग एकदा रात्री जाग आली तेव्हा दिसलीस."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती बराच वेळ कपाकडे बघत बसली. म्हणाली, "वाटलं, विचारलं तर तू रूम बदलून जाशील."

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. आठ दिवस मी तिच्याशी तुटक वागले. तिने एक शब्द काढला असता तर कदाचित पोट फाडावं लागलं नसतं, असा हिशोब मी करत होते. मग एका रात्री रीडिंग हॉलमध्ये कॉरिडॉरच्या बाजूला एक फर्स्ट इयरची मुलगी दिसली. पुस्तक उघडं, आणि बोट कपाळावरच्या केसाला पीळ देतंय, देतंय, देतंय. मी तिच्याकडे दहा मिनिटं बघत होते आणि मला उठून तिच्यापर्यंत जाता आलं नाही. मी, जिच्या पोटावर वीतभर व्रण आहे ती! काय म्हणणार होते? 'तू केस खातेस का?' त्या रात्री रूमवर येऊन मी पार्टनरला उठवलं आणि सॉरी म्हटलं. ती झोपेत "बरं बरं" म्हणाली आणि कुशीवर वळली.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीच्या शेजारी जाऊन बसले. 'किती वर्षं' वगैरे काही विचारलं नाही. माझी चिकटपट्टीची बोटं टेबलावर ठेवली आणि अप्लाइड मेकॅनिक्सचं एक गणित तिला समजतंय का विचारलं. नव्हतं समजत. मलाही फारसं आठवत नव्हतं. तिला खरंच काही होतं की ती नुसती विचार करत होती, ते तिचं तिला माहीत. पण अजून येते ती अकराला.

गेल्या महिन्यात आमच्या विंगची जाळी पुन्हा तुंबली. कॉरिडॉरमध्ये सभा, पंचनामा, सगळं यथासांग. पार्टनर चिमट्याने जाळी उचलून ओणवी झाली आणि एकदम ओरडली, "सापडला! हा बघ, लांब सरळ! हा तुझाच!" बाकीच्या मुलींना कळेना की ही एवढी खूश का झाली. मॅडमनी प्रत्येकी वीस रुपये दंड केला.

मी माझे वीस रुपये ऑफिसात जाऊन रोख भरले आणि पावती मागून घेतली.

(अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)